पावसाचा सट्टा ते संदेशांचा सट्टा

खटाव तालुक्याचे ठाणे असलेल्या वडूजसारख्या पर्जन्यछायेतील गावी, जेथे येरळेला पाणी आले की नाही यावर घरातल्या कणगीची अवस्था ठरे, तेथे पावसावर पैसे लावण्याची कल्पना कोणास सुचली नसेल तर नवल नाही. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पेठांमध्ये अमुक घटकेच्या आत पाऊस पडेल की नाही, आणि पडलाच तर पन्हळीतून वाहण्याइतका पडेल की नाही, यावर राजरोस सौदे होत असत. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यास फासे व पत्ते ठाऊक होते. आकाशातून पडणारे पाणी जुगाराचे साधन कसे ठरावे, हा पेच न्यायालयापुढे आला आणि 1890 मध्ये सरकारला कायदा दुरुस्त करावा लागला.

त्या कायद्याच्या तिसऱ्या कलमातील जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या सवडीने वाचण्याजोगी आहे. कापूस, अफू अथवा अन्य जिनसांचा बाजारभाव, त्या भावातील चढउतार, पाऊस पडणे वा न पडणे, पावसाचे परिमाण, एवढ्यावर मसुदाकार थांबत नाही. भाव किंवा परिमाण सांगताना जी संख्या येते तिच्यातील अंकांवर लावलेली पैजही तो त्यात ओढतो. खेळणाऱ्यास कापसाशी कर्तव्य नाही, पावसाशीही नाही, त्याला केवळ कोणीतरी तिसऱ्याने जाहीर केलेला एक अंक हवा असतो, हे त्या रुक्ष मजकुराच्या कर्त्याने पुरते ओळखले होते.

पुढे असा अंक परदेशातून मिळू लागला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडता व बंद होता भाव तारेने मुंबईस येई, आणि त्याच्या आकड्यांवर हजारो लोक पैसे लावीत. तो मार्ग 1961 च्या सुमारास बंद पडल्यावर 1962 मध्ये कल्याणजी भगत यांनी, व पाठोपाठ रतन खत्री यांनी, अंक येथेच काढण्याची व्यवस्था केली. हाच मटका. तीन पत्ते काढावयाचे. पंजा, तिर्री व छक्की आली तर बेरीज चौदा, म्हणून ‘ओपन’ चार. पुढे आणखी तीन पत्ते काढून ‘क्लोज’, आणि दोहोंची मिळून जोडी. खटाव-माणातून, कोकणातून पोटासाठी गिरणगावात गेलेला कामगार पगारातील काही नाणी या आकड्यावर लावी, आणि गावी जाणाऱ्या मनिऑर्डरीत तेवढी तूट पडे. अंक आता काढणाऱ्याच्या मुठीत आल्यामुळे पत्ते चारचौघांदेखत काढून विश्वास राखावा लागे. पावसाला अशा साक्षीदारांची गरज कधी पडली नव्हती.

अलीकडे अमेरिकेत अशा पैजांच्या व्यवहारास भविष्यवाणीचा बाजार असे प्रतिष्ठित नाव मिळाले आहे. डोनाल्ड ट्रम्प पहिल्यांदा अध्यक्ष असताना ‘प्रेडिक्टइट’ या बाजारात, एका दिवसाच्या मध्यान्हापासून पुढल्या आठवड्यातील त्याच वाराच्या मध्यान्हापर्यंत ते किती ट्विट करतील यावर हिस्से विकले जात. ज्याचा अंदाज खरा ठरे त्याच्या प्रत्येक हिश्श्यास एक डॉलर मिळे, बाकीच्यांचे पैसे बुडत. गणना खात्यावर दिसणाऱ्या एकूण संख्येवरून होत असल्यामुळे पुसून टाकलेला संदेश वजा धरला जाई. पुढे ‘पॉलीमार्केट’वर इलॉन मस्क यांच्या संदेशांवर असेच बाजार भरले. यातून लोकमताचा कल कळतो, असे त्याचे पुरस्कर्ते सांगतात. निवडणुकीच्या निकालाविषयी ते काही अंशी मान्य करता येईल. परंतु पुढारी आठवड्यात किती वेळा बोलला हे जाणून कोणते शहाणपण पदरात पडते, हे मला उमगलेले नाही. शिवाय मोजला जाणारा पदार्थ येथे प्रथमच आपल्यावर लागलेली पैज वाचू शकतो, आणि मनात आणले तर शेवटच्या तासात चार वाक्ये अधिक लिहून कोणाचेही घर भरू वा बुडवू शकतो. या दृष्टीने मटकाही अधिक सचोटीचा म्हणावा लागेल.

आपल्याकडे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला, आणि मत-अंदाजावर पैसे लावून घेणाऱ्या देशी कंपन्यांनी आपला व्यवहार गुंडाळला. मुंबईचा 1887 चा कायदा, पाऊस, अफू आणि कापसासह, महाराष्ट्रात अद्याप अमलात आहे.