भाडेवसुलीचा पेशा

भाडे वसूल करणे हेही शिकून घेण्याचे काम आहे असे कोणी म्हटले, तर चाळीत वाढलेल्या माणसास हसू येईल. पहिल्या आठवड्यात मालकाचा माणूस वही घेऊन जिन्यावर दिसावा, कोणी दार लोटून घ्यावे, कोणी पोराकरवी 'बाबा घरी नाहीत' असे कळवावे. ह्यात शिकावयाचे ते काय? पण विलायतेत ह्याच कामाचा पेशा झाला, त्याची संस्था निघाली, परीक्षा निघाली, आणि पुढे त्याला राणीची सनदही मिळाली. ती हकीकत आम्ही आज आपणांपुढे मांडीत आहोत.

लंडनच्या मॅरिलबोन भागात पॅरडाइस प्लेस नावाची गल्ली होती. नाव स्वर्गाचे, घरे मात्र पडकी. १८६५ साली तेथील तीन घरे जॉन रस्किन ह्यांनी घेतली आणि ऑक्टेव्हिया हिल ह्या पंचविशी नुकत्याच ओलांडलेल्या बाईंच्या हवाली केली. (ज्यांचे पुस्तक गांधीजींनी 'सर्वोदय' ह्या नावाने गुजरातीत उतरविले, तेच हे रस्किन.) त्यांचा आग्रह असा की, गुंतविलेल्या पैशावर शेकडा ५ सुटलेच पाहिजेत, तरच इतर पैसेवाले ह्या वाटेस येतील. बाई दर आठवड्यास स्वतः दारोदार जात. थकबाकी चालत नसे. जो थकवी त्याला घर सोडावे लागे. पण त्याच फेरीत गळके छप्पर दिसे, तुंबलेली मोरी दिसे. दुरुस्तीसाठी राखलेल्या रकमेतून काही उरले, तर ते कशावर खर्चावे हे भाडेकरूंनी सांगावयाचे. शिस्त जाचक होती, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु भाडे घेणारा हात आणि तक्रार ऐकणारा कान एकाच व्यक्तीचे होते, ही त्यातील मोलाची गोष्ट.

१८८४ मध्ये चर्चच्या मालमत्तेचे कमिशनर आपली सदर्क येथील घरे बाईंकडे सोपवू लागले. काम वाढले तशा मदतनीस स्त्रिया आल्या. शिकाऊ बाईने जाणत्या बाईबरोबर फिरावे, हिशेब लिहावा, नळ-गटारे समजून घ्यावीत, हेच त्यांचे शिक्षण. गंमत अशी की, स्त्रियांच्या मताधिकारास खुद्द ऑक्टेव्हियाबाईंचा विरोध होता. १९१२ साली त्या वारल्या. पण पगारी जागा मागावयाची तर नुसत्या गुरुकृपेवर कसे भागावे? १९१६ साली ह्या स्त्रियांनी आपला संघ काढला. १९१९ च्या कायद्याने पेशांची दारे स्त्रियांना उघडली आणि १९२२ साली आयरीन बार्कले ह्या पहिल्या सनदी स्त्री-सर्व्हेअर झाल्या. त्यांनी आपले आयुष्य घरांच्या व्यवस्थापनातच घातले. आपल्याकडेही राज्याचे सहकार खाते गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापनाची प्रमाणपत्र परीक्षा घेते, हे पुष्कळांना ठाऊकही नसते.

पहिल्या महायुद्धानंतर नगरपालिका स्वतःच हजारो घरे बांधू लागल्या आणि येथेच खरा तंटा उभा राहिला. नगरपालिकेत भाडे खजिनदाराकडे, दुरुस्ती इंजिनियराकडे, घरवाटप तिसऱ्याच खात्याकडे. तेथील पुरुष अधिकाऱ्यांनी १९३१ साली आपली निराळी संस्था स्थापिली. स्त्रियांचे म्हणणे असे की, माणूस आणि त्याचे घर ह्यांची फोड करता येत नाही. सारे एकीने पाहावे. अधिकाऱ्यांना ही भाबडी, खर्चाची पद्धत वाटे. भांडण केवळ जागांचे नव्हते. गळक्या छपराची बातमी कोणाच्या कानी जावी ह्याचे होते.

१९३२ साली स्त्रियांची संस्था नव्याने बांधली गेली, १९४८ साली तिने पुरुषांनाही दार उघडले, आणि १९६५ साली दोन्ही संस्था एक झाल्या. संख्येने पुरुष अधिक, तेव्हा पारडे कोणीकडे झुकले हे सांगावयास नको. एकीने बळ आले हे खरे, पण आठवड्याची ती फेरी मागे पडली, आणि ही हानी आम्ही लहान समजत नाही.

१९८४ साली संस्थेस सनद मिळाली, १९९४ साली नावातही 'सनदी' हा शब्द आला. तरीही प्रमाणपत्र घ्यावे की न घ्यावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवरच राहिले. १४ जून २०१७ च्या पहाटे लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ही इमारत पेटली आणि ७२ माणसे गेली. आगीच्या धोक्याविषयी रहिवाशांनी आधीच वारंवार लिहिले होते. त्यानंतर, २०२३ च्या कायद्याने, सामाजिक घरांच्या वरिष्ठ व्यवस्थापकांना ठराविक पात्रता असण्याची वा ती मिळविण्याच्या वाटेवर असण्याची अट घालण्याचे ठरले. पॅरडाइस प्लेसच्या पहिल्या फेरीनंतर १५८ वर्षांनी.