ऑनलाइन ‘सोलापुरी चादर’ घेताय? स्टार मोजण्याआधी विक्रेत्याचं नाव शोधा

‘सोलापुरी चादर’ असं टाइप केलं की शॉपिंग ॲपवर चादरींचा ढीग समोर येतो. कुणाला साडेचार स्टार, कुणाला तीन. बहुतेक जण फोटो, किंमत आणि स्टार बघून ऑर्डर देतात. पण ती चादर सोलापुरात विणली आहे का, आणि ती नेमकं कोण विकतंय, हे त्या स्टारवरून कळत नाही.

‘सोलापुरी’ हे नाव कुणाचं?

सोलापूरची चादर ही जकार्ड मागावर विणलेली जाड सुती चादर. तिची नक्षी छापलेली नसते, विणीतच असते. ‘सोलापूर चादर’ आणि ‘सोलापूर टेरी टॉवेल’ या दोन्हींना भौगोलिक मानांकन, म्हणजेच जीआय टॅग मिळालेला आहे. हे नाव कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. ते ठरलेल्या भागात, ठरलेल्या पद्धतीने माल तयार करणाऱ्या सगळ्यांचं आहे. १९९९ च्या जीआय कायद्यानुसार अशा उत्पादकांना ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करता येते. हे नाव खोटेपणाने वापरणं गुन्हा आहे आणि त्यासाठी तुरुंगवास आणि दंड अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

तरीही पानिपतसह इतर ठिकाणी तयार झालेल्या चादरी ‘सोलापुरी’ म्हणून विकल्या जातात, ही सोलापूरच्या यंत्रमागधारकांची जुनी तक्रार आहे.

दोष एकाचा, बदनामी सगळ्यांची

समजा, पुण्यातल्या ग्राहकाला ‘सोलापुरी’ म्हणून पातळ, दोन धुण्यांत रंग सोडणारी चादर मिळाली. तो चिडून लिहितो, ‘सोलापुरी चादरीत आता दम राहिला नाही.’ त्याचा अनुभव खरा आहे, पण फटका भलत्यालाच बसतो. नकली माल विकणारा उद्या दुसऱ्या नावाने दुकान उघडेल. सोलापूरच्या विणकराला मात्र आपल्या गावाचं नाव बदलता येत नाही.

त्यामुळे रिव्ह्यूत फक्त ‘चादर खराब’ असं लिहू नका. चादर कोणत्या विक्रेत्याची, लेबलवर उत्पादकाचा पत्ता कुठला, हेही लिहा. मग रोष योग्य दारात पोहोचतो.

विक्रेत्याने काय उघड करायला हवं?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये लागू झाले. त्यांतल्या कामाच्या गोष्टी अशा:

- ॲपने विक्रेत्याच्या व्यवसायाचं नाव, पत्ता आणि ग्राहकसेवेचा संपर्क दाखवला पाहिजे.
- विक्रेत्याला स्वतःच ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिता येत नाही.
- वस्तूचा दर्जा किंवा वैशिष्ट्यं याबद्दल खोटी माहिती देता येत नाही.
- ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार महिन्याभरात निकाली काढायची असते.

रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘आयएस १९०००:२०२२’ हे मानकही आणलं. रिव्ह्यू लिहिणारी व्यक्ती खरी आहे का, हे ईमेल, फोन किंवा एसएमएसने तपासण्याच्या पद्धती त्यात दिल्या आहेत. मात्र हे मानक ऐच्छिक म्हणून आणलं गेलं. त्यामुळे ग्राहकाने डोळे उघडे ठेवलेले बरे.

रिव्ह्यू वाचताना काय बघायचं?

- एक-दोन दिवसांत पडलेले, एकाच साच्यातले कौतुकाचे रिव्ह्यू दिसले तर सावध व्हा.
- दोन आणि तीन स्टारचे रिव्ह्यू आधी वाचा. त्यांत वजन, माप, रंग असे तपशील जास्त सापडतात.
- ग्राहकांनी टाकलेले फोटो बघा. नक्षी विणलेली आहे की छापलेली, हे जवळून काढलेल्या फोटोत बरंचसं कळतं.
- विक्रेत्याने वाईट रिव्ह्यूला दिलेलं उत्तर वाचा. चूक मान्य करून बदली देणारा दुकानदार नुसत्या पाच स्टारवाल्यापेक्षा भरवशाचा.

इन्स्टाग्राम किंवा व्हॉट्सॲपवरून घेताना पैसे देण्याआधी बिल, पत्ता आणि परतीची अट लेखी मागा. बिल द्यायला टाळाटाळ होत असेल तर तिथेच थांबा.

स्वतः रिव्ह्यू लिहिताना

जे घडलं तेवढंच लिहा: ऑर्डरची तारीख, किंमत, काय सांगितलं होतं, काय मिळालं. ‘फसवे’, ‘चोर’ असे शब्द टाळा. पुराव्याशिवाय केलेला आरोप बदनामीच्या खटल्यापर्यंत जाऊ शकतो. विक्रेत्याने नंतर पैसे परत केले किंवा चादर बदलून दिली, तर तेही त्याच रिव्ह्यूत जोडा. छोट्या यंत्रमागधारकासाठी एक अर्धवट रिव्ह्यूसुद्धा महागात पडतो.

फसवणूक झाली तर?

आधी ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. उपयोग झाला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ‘ई-जागृती’ पोर्टलवरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते. साधारणपणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. २०१९ च्या कायद्यामुळे ग्राहक जिथे राहतो तिथल्याच आयोगात दाद मागू शकतो. चादर सोलापूरची असो वा पानिपतची, नागपूरच्या ग्राहकाला नागपूर सोडावं लागत नाही.

फक्त बिल, पार्सलवरचं लेबल आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पान उद्या गायब होऊ शकतं, स्क्रीनशॉट तुमच्याकडे राहतो.