व्हर्च्युअल मशीन सुरू करताना परवानगी नाकारली जाणे (लिनक्स)

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन सुरू होता होता ‘परमिशन डिनाइड’ असा संदेश देऊन थांबणे. संदेशात नाव डिस्कच्या फाइलीचे असते, म्हणून लोक तिच्याच मागे लागतात; खोट बहुधा वरच्या एखाद्या फोल्डरात असते.

व्हर्च्युअल मशीनला आधार देणारे केव्हीएम २००७ साली लिनक्स कर्नलच्या २.६.२० आवृत्तीत आले. त्याच्या आधारे मशीन प्रत्यक्ष चालवतो तो क्यूएमू, आणि या दोघांची व्यवस्था लिबव्हर्ट पाहतो. सिस्टिम जोडणीत लिबव्हर्ट क्यूएमूला वापरकर्त्याच्या नावाने चालवत नाही. उबंटूवर त्यासाठी ‘लिबव्हर्ट-क्यूएमू’ हे वेगळे खाते असते, फेडोरावर ‘क्यूएमू’. उबंटूच्या संदेशात ६४०५५ हा वापरकर्ता क्रमांक दिसतो तो याच खात्याचा. फाइल आपली, पण ती उघडणारा परका, हे ध्यानात आले की अर्धे काम झाले.

फाइलीपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरातून जाण्याची मुभा लागते. उबंटूने २१.०४ पासून नवे होम फोल्डर ०७५० परवानगीने बनवायला सुरुवात केली, आणि डाउनलोड्समध्ये ठेवलेली डिस्क त्या खात्याला दिसेनाशी झाली. ‘नेमआय -एल’ ही आज्ञा पूर्ण मार्ग देऊन चालवावी. मार्गातला एकेक फोल्डर ओळीने उतरतो. ज्या ओळीत परवानगीच्या शेवटच्या तीन जागी नुसत्या आडव्या रेघा आहेत, तिथे वाट अडली आहे. डिस्क ‘/व्हार/लिब/लिबव्हर्ट/इमेजेस’मध्ये हलवणे हा चांगला उपाय. ते जमत नसेल तर ‘सेटएफएसीएल’ने त्या एका खात्याला फोल्डर ओलांडण्यापुरती मुभा द्यावी.

सरसकट ७७७ करण्याचा सल्ला मात्र मुळीच मानू नये. फाइलीवर केले तर वरचा फोल्डर बंदच राहतो. होम फोल्डरवर केले तर घर सगळ्यांना उघडे पडते, आणि एसएसएच नेहमीच्या मांडणीत चावीने प्रवेश देणे थांबवते. फाइलीची मालकी हाताने बदलण्यातही अर्थ नाही, कारण मशीन सुरू करताना लिबव्हर्ट ती स्वतःच बदलतो.

वाट मोकळी असूनही नकार आला तर उबंटूवर अ‍ॅपआर्मर किंवा फेडोरावर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा पाहावी. अ‍ॅपआर्मरखाली लिबव्हर्ट प्रत्येक मशीनसाठी वेगळी नियमावली तयार करतो. मशीनच्या एक्सएमएल वर्णनात नसलेली फाइल तीत येत नाही. अडवणुकीची नोंद कर्नलच्या लॉगमध्ये ‘डिनाइड’ या शब्दाने सापडते. फेडोरावर ऑडिट लॉगमध्ये ‘एव्हीसी’ शोधावे. तिथे डिस्क एनएफएसवर असेल तर एसईलिनक्सचे ‘व्हर्ट_यूज_एनएफएस’ चालू करावे लागते.

लिबव्हर्टशिवाय थेट क्यूएमू चालवताना अडते ते ‘/डेव्ह/केव्हीएम’ या उपकरणापाशी. आपले खाते ‘केव्हीएम’ गटात घालावे आणि लॉगआउट करून पुन्हा आत यावे, कारण उघड्या टर्मिनलला नवा गट कळत नाही. ‘आयडी’ आज्ञेच्या उत्तरात गटाचे नाव आले का, ते आधी पाहून घ्यावे.