नाणेघाट : एका वाटेचे वाचन

एखादे स्थळ ओळखायचे म्हणजे नेमके काय करायचे? शाळेने आम्हाला भूगोल आणि इतिहास हे दोन निराळे तास म्हणून शिकवले. एका तासाला नद्या आणि डोंगर, दुसऱ्या तासाला राजे आणि लढाया. ही विभागणी किती कृत्रिम आहे हे कळायला नाणेघाटासारखी दुसरी जागा नाही.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी दख्खनचे पठार घडवले. या पठाराची पश्चिम कड कोकणावर एकदम तुटते, तीच सह्याद्रीची भिंत. नाणेघाटाच्या माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी दोन दिशांना जाते. पश्चिमेला उतरणारे कोकणातील नद्यांतून अरबी समुद्राला मिळते, तर पूर्वेकडचे कुकडी, भीमा, कृष्णा अशी मजल करत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. पाण्याला जी भिंत विभागते तीच माणसांनाही विभागणार. म्हणून जिथे जिथे तिला खिंड सापडली, तिथे तिथे वाट पडली. खाली कल्याण आणि सोपारा ही बंदरे, वर जुन्नर आणि त्याहीपलीकडे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण. मुरबाडकडून वैशाखरे गावाजवळून चढणारी ही दगडी वाट या दोन जगांना जोडत होती.

इथपर्यंत भूगोल. आता घाटमाथ्याजवळच्या लेण्यात शिरू.

या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक दीर्घ लेख कोरलेला आहे. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी तो निगडित असून त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी पहिले शतक मानला जातो. धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन करून लेख अश्वमेध, राजसूय यांसारख्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेची यादी देतो : हजारोंनी गाई, हत्ती, घोडे, कार्षापणे. हे आकडे ज्या चिन्हांनी लिहिले आहेत ती भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात फार जुनी आणि मोलाची मानली जातात. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि सातकर्णी, महारठी त्रणकयिर ही नावे तिथे वाचता येतात, प्रतिमांचे मात्र पायांपुरते अवशेष उरले आहेत.

आम्हाला या लेखाबाबत सतत पडणारा प्रश्न असा : यज्ञांची ही नोंद राजधानीत किंवा एखाद्या तीर्थक्षेत्री न कोरता व्यापाऱ्यांच्या वाटेवर का कोरली? उत्तर वाटेतच आहे. चढण संपवून दमलेला प्रत्येक तांडा जिथे टेकणार, तिथेच राजकुलाने आपले वैभव मांडले. वाचता न येणाऱ्यालाही त्या प्रतिमा दिसणारच होत्या. पुण्य यज्ञात मिळवले असेल, कीर्ती मात्र रहदारीच्या जागी मागितली. खिंड नसती तर हा लेख इथे नसता, आणि लेख नसता तर खिंडीचे महत्त्व आम्हाला असे कळले नसते.

वर जुन्नर परिसरात दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. तिथल्या दात्यांत धान्यविक्रेत्यांची श्रेणी आहे, स्वतःला यवन म्हणवणारे लोक आहेत. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या देणग्यांचेही उल्लेख सापडतात. घाटमाथ्यावर वैदिक यज्ञ आणि पुढच्या मुक्कामी बौद्ध विहार, दोन्ही एकाच वाटेच्या काठी नांदले.

येथवर भूगोलच सर्व काही ठरवतो असे वाटेल. पण पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक भाषेतील दर्यावर्दी ग्रंथ वेगळेच सांगतो. कल्याण हे एकेकाळी मान्यताप्राप्त बंदर होते, पुढे तिथला व्यापार रोखला गेला आणि तिथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो नोंदवतो. बहुतेक अभ्यासक याची सांगड क्षत्रप आणि सातवाहन यांच्या संघर्षाशी घालतात. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 साली सापडलेली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी याच संघर्षाची साक्ष देतात. ती नहपानाची आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे. या सगळ्या काळात डोंगर तसूभरही हलला नाही, वाटेचे नशीब मात्र बदलले.

ते पुन्हा एकदा बदलले एकोणिसाव्या शतकात. 1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, 1863 साली तिथूनच रेल्वे वर चढली. बैलाच्या आणि माणसाच्या पायांना सोयीची खिंड इंजिनाला सोयीची असेलच असे नाही. नाणेघाट व्यापाराच्या नकाशावरून उतरला आणि पदभ्रमण करणाऱ्यांच्या नकाशावर आला.

आज तिथे जाणाऱ्याला माथ्यावरचा दगडी रांजण दाखवून ‘हा जकातीचा’ असे सांगतात. ती परंपरेने चालत आलेली समजूत आहे. ती गोड आहे, पण तिला लेखाचा आधार नाही. रांजणाचे छायाचित्र घेऊन परतणारे अनेक जण लेण्यातील अक्षरांकडे ओझरतेही पाहत नाहीत, हे आम्हाला अधिक खटकते. दंतकथा ऐकावी, मात्र तिच्या शेजारीच जे कोरलेले आहे ते वाचण्याचा कंटाळा करू नये. दोन हजार वर्षे पावसाळे सोसलेली ती अक्षरे झिजत आहेत. ती वाचणारे डोळे कमी झाले, तर त्यांची झीज कोणाच्या लक्षातही येणार नाही.

भूगोल शक्यता देतो, त्यांतील कोणती प्रत्यक्षात आणायची हे माणसे ठरवतात, आणि त्या निर्णयांच्या खुणा पुन्हा भूमीवरच उमटतात. स्थळ ओळखणे म्हणजे या तिन्ही गोष्टी एकत्र वाचणे. आणि त्यासाठी ती वाट निदान एकदा तरी, खालून वर, स्वतःच्या पायांनी चढली पाहिजे. ओझे वाहणाऱ्यांना माथ्यावरची सावली काय वाटली असेल, हे कोणत्याही नकाशात लिहिलेले नसते.