सुगीचा वायदा, महिन्याचे बिल

कुंडलिकेच्या एका काठावर जुना जालना, दुसऱ्या काठावर नवा जालना, म्हणजे पूर्वीचे कादराबाद. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारामुळे पडली, तो रोखीपेक्षा उधारीवरच अधिक चाले. शेतकऱ्याच्या हाती पैसा यायचा तो दिवाळीनंतर, कापूस घरी आल्यावर. तोवर बियाण्याला, बैलाला, लेकीच्या लग्नाला आडत्याकडून उचल घ्यायची आणि सुगीला माल त्याच्याच आडतीवर घालायचा. धान्य उसने नेले तर सवाई-दिढीने फेडायचे: मणाला सव्वा मण, नाहीतर दीड मण. जुन्या हिंदू कायद्यातला दामदुपटीचा नियम थकलेल्या व्याजाला मुद्दलाएवढी मर्यादा घालत असे. वही मात्र सावकाराच्याच हाती असायची.

कर्जाने कुणबीच तेवढा नाडला गेला असे नाही. निजामाच्या राज्यातल्या जालन्याला इंग्रजी छावणी होती आणि त्या मुलखातल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिंजंट फौजेचा खर्च हैदराबादच्या तिजोरीवर पडे. तो भागवायला निजामाचे कारभारी चंदूलाल यांनी विल्यम पामर आणि कंपनीकडून उचल घेतली. ही पेढी 1814 च्या सुमारास हैदराबादेत उघडली होती. तिच्या व्याजाचा दर वर्षाला 24-25 टक्क्यांच्या घरात असे. 1820 मध्ये आणखी 60 लाखांचे कर्ज झाले. शेवटी 1823 मध्ये निजामाने इंग्रजांकडून मिळणारी उत्तर सरकार प्रांताची खंडणी कायमची सोडली आणि त्या बदल्यात मिळालेल्या रकमेतून पामरचे देणे फिटले. फौजेचा खर्च मात्र चालूच राहिला. थकबाकी वाढत गेली आणि 1853 च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव आणि रायचूर 1860 मध्ये परत मिळाले. वऱ्हाड गेले ते गेलेच. जालन्याशेजारचे सिंदखेडराजा, जिजाऊंचे माहेर, त्या वऱ्हाडातच होते.

पुढे 1900 मध्ये मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून धावू लागली आणि कापसाच्या पेठेला वेग आला. हैदराबाद स्टेट बँक 1942 मध्ये सुरू झाली. ती सरकारचा हाली सिक्का सांभाळायची आणि लोकांशी बँकेचे व्यवहारही करायची. पण बी पेरायच्या दिवसांत आडत्याच जवळचा वाटे.

सुगीची लय ओळखणारे कार्ड यायला 1998 उजाडले. त्या वर्षी आलेल्या किसान क्रेडिट कार्डाने पीककर्जाची मर्यादा ठरवली आणि फेड पिकाच्या हंगामाशी जोडली. 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर 7 टक्के व्याज आणि वेळेवर फेडल्यास केंद्राच्या सवलतीने 4 टक्के, असा त्याचा हिशेब.

बँकेचे साधे क्रेडिट कार्ड निराळ्या मिळकतीसाठी घडलेले आहे. 1950 मध्ये न्यूयॉर्कच्या हॉटेलांमध्ये डायनर्स क्लबचे कार्ड चालू झाले. भारतात सेंट्रल बँकेने 1980 मध्ये आपले कार्ड काढले. दरमहा पगार घेणाऱ्याला बिल भरण्याच्या अंतिम तारखेपर्यंतची बिनव्याजी मुदत सोयीची पडते. पण पूर्ण बिल न भरता फक्त ‘किमान देय रक्कम’ भरली, तर ही मुदत संपते आणि अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42 टक्के व्याज लागते. पामरच्या दरापेक्षा कितीतरी जास्त.

म्हणून कार्ड निवडताना विमानतळावरच्या विश्रांतीकक्षापेक्षा आपला पैसा कधी हाती येतो हे आधी पाहावे. मोंढ्यावर, म्हणजे बाजारात, माल घालून वर्षातून दोनदा पैसा मिळणाऱ्याने दरमहाच्या बिलाचे कार्ड शेतीखर्चासाठी वापरू नये. पगारदाराने पगारानंतर चार-पाच दिवसांनी बिल भरण्याची तारीख येईल असे पाहावे, वार्षिक शुल्क विचारावे आणि आपण खरोखर जिथे खर्च करतो, किराणा की पेट्रोल, तिथे सूट देणारे कार्ड घ्यावे.

घेतलेले कार्ड जमले नाही तर सोडताही येते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे सगळी बाकी चुकती केलेल्या ग्राहकाचे कार्ड अर्जानंतर सात कामकाजी दिवसांत बंद करावे लागते. त्यापुढे उशीर झाला तर बँक ग्राहकाला दिवसाला 500 रुपये देणे लागते.