बिनतारी संकेतभाषा, पोलिसांची

पोलीस, अग्निशमन दल, जहाजे आणि हौशी रेडिओचालक यांच्या बिनतारी संभाषणात लांब वाक्यांच्या जागी योजले जाणारे ठरीव अंक, अक्षरगट व शब्द यांना बिनतारी संकेतभाषा म्हणतात. साध्या वॉकी-टॉकीच्या एका चॅनेलवर एका वेळी एकालाच बोलता येते आणि त्याने दाबलेली कळ सुटेपर्यंत बाकीच्यांना थांबावे लागते. म्हणून बोलणे जितके आखूड, तितका चॅनेल इतरांसाठी लवकर मोकळा होतो. गुप्तता हा या भाषेचा मूळ हेतू नव्हे. वेळ वाचवणे आणि खरखरीतूनही अर्थ नेमका पोहोचवणे, हे तिचे खरे काम आहे.

यांतील एक जुना संच ‘क्यू’ या अक्षराने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी गटांचा असून, १९०९च्या सुमारास ब्रिटनमध्ये तयार झालेल्या या गटांना १९१२च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषदेत मान्यता मिळाली. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे संदेश मिळाल्याची पोच, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या प्रक्षेपणाचा अडथळा. मोर्सच्या कट्ट-कड्ड लिपीत आख्खे वाक्य पाठवणे वेळखाऊ असल्याने जन्मलेली ही अक्षरे हौशी रेडिओचालक आजही तोंडी वापरतात. पोलिसांच्या दशांकी संकेतांचा उगम मात्र अमेरिकेत, इलिनॉय राज्य पोलिसांच्या दळणवळण विभागातील चार्ल्स हॉपर यांच्याकडे १९३७ साली झाला. त्या काळच्या प्रेषकाला कळ दाबल्यावर पूर्ण शक्तीने चालू होण्यास क्षणाचा अंश लागे आणि तेवढ्यात पहिले अक्षर गिळले जाई. म्हणून प्रत्येक संकेताआधी ‘टेन’ हा शब्द ठेवला गेला, जेणेकरून गेलाच तर तो जावा आणि पुढचा अर्थवाही अंक शाबूत राहावा. ‘टेन-फोर’ म्हणजे संदेश समजला, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध संकेत होय.

महाराष्ट्रातील पोलिसांच्या बोलण्यात अंकांपेक्षा शब्दच अधिक कानी पडतात. ‘कंट्रोल’ म्हणजे नियंत्रण कक्ष, ‘रॉजर’ म्हणजे ऐकले, ‘ओव्हर’ म्हणजे आपले बोलणे संपले, आता उत्तर द्यावे. अनेक शहरांत पोलीस ठाण्याच्या गस्ती वाहनाला ‘पीटर मोबाईल’ म्हणतात. पीटर हे दुसऱ्या महायुद्धातील इंग्रज-अमेरिकन सैन्याच्या उच्चारमालेत ‘पी’ या अक्षराचे नाव होते. १९५६पासून रूढ झालेल्या आंतरराष्ट्रीय मालेत त्याची जागा ‘पापा’ने घेतली, तरी पोलिसांच्या तोंडी जुनेच नाव टिकले आहे.

मराठी अंक हा बिनतारी यंत्रावरचा स्वतंत्र प्रश्न आहे, कारण एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत उच्चाराचा पूर्वार्ध एकच असतो आणि नेमका फरक दाखवणारा उत्तरार्धच खरखरीत बुडू शकतो. वाशीमच्या वाहनांचा क्रमांक एमएच ३७, तर शेजारच्या अमरावतीचा एमएच २७. सदतीस आणि सत्तावीस यांत गफलत झाली, तर नाकाबंदीवर वेगळ्याच जिल्ह्याचे वाहन अडवले जाईल. म्हणून ‘तीन सात’ असे अंक सुटे उच्चारण्याची शिस्त कोणत्याही संकेतकोष्टकाहून मोलाची ठरते.

या भाषेची मर्यादा मोठ्या यात्रेत उघड होते. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे स्थान बंजारा समाजाची काशी मानले जाते, आणि रामनवमीच्या यात्रेला तेथे महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, कर्नाटक व आंध्र प्रदेशातूनही भाविक येतात. पोलीस सेटच्या अतिउच्च वारंवारतेच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने चढउताराच्या मुलुखात त्यांना उंचावरच्या रिपीटरचा, म्हणजे संदेश घेऊन पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या यंत्राचा, आधार लागतो. यात्रेच्या बंदोबस्तात स्थानिक पोलिसांबरोबर बाहेरची कुमक, गृहरक्षक दल आणि आरोग्य पथकेही असतात. संकेत मात्र एकाच दलाला पाठ असेल, तर दुसऱ्याला तो निव्वळ आवाज ठरतो. चुकलेल्या मुलाचे नाव, वय, कपड्यांचा रंग, आईवडिलांचा तांडा आणि त्याला मराठी कळते की फक्त बंजारा समाजाची गोरबोली, ही माहिती कोणत्याही अंकात मावत नाही. येथे सावकाश उच्चारलेले साधे मराठी वाक्यच उपयोगी पडते.

अमेरिकेलाही हेच मान्य करावे लागले. ‘टेन-फिफ्टी’ हा संकेत अनेक ठिकाणी वाहन-अपघात सांगतो, तर न्यूयॉर्कच्या पोलिसांत गोंधळ घालणारा जमाव. त्यामुळे अनेक दले एकत्र येतात अशा आपत्तींत साधी भाषा वापरणे २००६पासून संघराज्याच्या आपत्तीसज्जता अनुदानाची अट झाली.

भारतात बिनतारी यंत्र बाळगण्यावर १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने परवान्याचे बंधन आणले, आणि राज्यांच्या पोलीस बिनतारी यंत्रणांत मेळ घालणारे केंद्रीय संचालनालय १९४६ साली स्थापन झाले. यात्रेतल्या भाविकाला मात्र या भाषेतला कोणताही संकेत ठाऊक असण्याची गरज नाही. महाराष्ट्रात २०२१मध्ये सुरू झालेल्या ११२ या क्रमांकावर त्याने आपल्या शब्दांत ठिकाण आणि अडचण सांगितली की पुरे.