श्वान-नियंत्रण, मुंबईतील

भटक्या कुत्र्यांची संख्या मर्यादित ठेवणे आणि त्यांच्यापासून माणसाला होणाऱ्या अलर्क रोगास आळा घालणे, या हेतूंनी मुंबईत सुमारे दोन शतके योजण्यात आलेले उपाय. त्यांचा इतिहास हा पुष्कळ अंशी शासनसंस्था आणि भूतदयावादी संस्था यांच्यातील वादाचा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस या वादाचे स्वरूप पालटले. धर्मभावना व करुणा यांच्या जोडीला शिरगणती, रोगनोंदी आणि क्षेत्रीय पाहण्या यांचा पुरावा पुढे आला व त्याच्या आधारे धोरणात मूलगामी बदल घडून आला.

पूर्वेतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई सरकार मोकाट कुत्री मारण्यासाठी दर कुत्र्यामागे बक्षीस देत असे. जून १८३२ मध्ये या मोहिमेविरुद्ध कोट भागात दंगल उसळली. तीत पारशी समाज अग्रभागी होता. मृताच्या अंत्यविधीत कुत्र्याची दृष्टी प्रेतावर पडू देण्याचा ‘सगदीद’ हा विधी पारशी धर्मात असल्याने कुत्र्याला त्या समाजात विशेष स्थान आहे. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ स्थापन झाले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारी मुंबईची संस्था १८७४ मध्ये निघाली. बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे परळ येथील प्राण्यांचे रुग्णालय त्यानंतर दशकभरात उभे राहिले आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये जेम्स स्टील यांच्या प्राचार्यत्वाखाली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दया, उपचार आणि अध्ययन या तिन्ही गोष्टी एका आवारात आल्या, हे या घटनेचे महत्त्व होय.

गिरणगाव : परळच्या पश्चिमेस, लोहमार्गापलीकडे, सात रस्त्याकडून लोअर परळकडे जाणारा डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) आहे. कापडगिरण्या, बी. डी. डी. चाळी, खाणावळी आणि बाजार यांनी गजबजलेल्या या भागात माणसांची दाटी व उघड्यावरचा कचरा यांमुळे मोकाट कुत्र्यांना अन्न मिळत गेले. खोल्या अपुऱ्या पडत असल्याने अनेक कामगार चाळीच्या गच्चीत, ओट्यावर किंवा पदपथावर झोपत. रात्रपाळीचे कामगार अवेळी ये-जा करीत. श्वानदंशाचा धोका म्हणूनच श्रमिकांच्या व लहान मुलांच्या वाट्याला अधिक येतो. कुत्र्यांना सांभाळणारी, उरलेली भाकरी घालणारी माणसेही बहुधा याच वस्तीतली असतात. प्राणिकल्याणाचा प्रश्न येथे माणसाच्या सुरक्षिततेपासून वेगळा काढता येत नाही.

हत्येच्या उपायाची परीक्षा : मोकाट कुत्री पकडून मारण्याची महापालिकेची पद्धत दीर्घकाळ चालू होती. तिचे मूल्यमापन बहुधा मारलेल्या कुत्र्यांच्या संख्येवरून होई. रस्त्यावर किती उरली, याची गणती होत नसे. नेमक्या या उणिवेवर पुढील संशोधनाने बोट ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ समितीने १९९२ च्या अहवालात नमूद केले, की कुत्री नाहीशी केल्याने त्यांच्या संख्येवर वा अलर्क रोगाच्या प्रसारावर लक्षणीय परिणाम झाल्याचा पुरावा कोठेही नाही. नोंदलेले सर्वाधिक प्रमाणही एकूण कुत्र्यांच्या सुमारे १५ टक्केच होते आणि ती तूट उरलेल्या कुत्र्यांचे जगण्याचे प्रमाण वाढून सहज भरून निघे. एखाद्या भागात अन्न व आसरा जितका, तितकीच कुत्री तेथे टिकतात. काही मारली, तर उरलेल्यांची पिले अधिक संख्येने जगतात आणि शेजारची कुत्री मोकळ्या जागेत शिरतात. शिवाय लस टोचलेले कुत्रे मारले गेल्यास रोगाला अडविणारी भिंतच कमकुवत होते. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस दिल्यास रोगाची साखळी तुटते, असे गणिती अभ्यासांतून दिसून आले.

धोरणातील बदल : मद्रासमध्ये ब्लू क्रॉस या संस्थेने १९६४ पासून हत्येऐवजी निर्बीजीकरणाचा पुरस्कार केला. मुंबईत १९८५ मध्ये ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था स्थापन झाली. १९९४ च्या सुमारास महापालिकेने कुत्री मारणे थांबविले आणि १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्बीजीकरणाच्या कार्यक्रमासाठी मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. केंद्र शासनाने २००१ मध्ये, प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमान्वये, श्वान-जनननियंत्रणाचे नियम केले. त्यांची जागा २०२३ च्या नियमांनी घेतली. जयपूर येथील कार्यक्रमाचा १९९४ ते २००२ या काळातील अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण झाल्यावर कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली आणि कार्यक्रमाच्या क्षेत्रात माणसांतील अलर्क रोग आढळेनासा झाला. प्राणिकल्याण संस्थांच्या युक्तिवादाला या अभ्यासाने मोठे बळ मिळाले.

गणनेची पद्धत : शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. ही खूण पाहणीचे साधनही ठरते. ठरावीक रस्त्यांवरून ठरावीक वेळी फिरून दिसलेली कुत्री मोजली जातात व खाच असलेली वेगळी नोंदली जातात. शंभरांपैकी साठ कुत्र्यांच्या कानाला खाच दिसली, तर त्या भागातील कामाचा पल्ला सुमारे ६० टक्के मानता येतो. माद्या व पिले यांची वेगळी नोंद केल्यास पुढील वाढीचा अंदाज बांधता येतो. मुंबईत २०१४ च्या पाहणीत सुमारे ९५ हजार, तर २०२४ च्या पाहणीत सुमारे ९० हजार भटकी कुत्री असल्याचा अंदाज निघाला. दहा वर्षांतील ही घट अल्प आहे. संख्या आटोक्यात राहिल्याचे ती सुचविते. प्रश्न सुटल्याचे नव्हे.

संलग्न संशोधन : अलर्क रोगावरील जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून तयार करीत. तिच्यासाठी असंख्य मेंढ्या मारल्या जात आणि रुग्णांपैकी काहींना मज्जासंस्थेचे गंभीर विकार जडत. या दुष्परिणामांच्या नोंदी साठत गेल्यावर ऊतिसंवर्धित लस मान्य झाली व २००४ च्या अखेरीस जुन्या लशीचे उत्पादन भारतात बंद झाले. दुसरे उदाहरण गिधाडांचे आहे. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पाहण्यांतून गिधाडांचा झपाट्याने होणारा ऱ्हास उघड झाला. २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनाने गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याचे कारण असल्याचे दाखविले आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. गिधाडे नाहीशी झाल्याने मृत जनावरांचे मांस कुत्र्यांच्या वाट्याला येऊन त्यांची संख्या वाढली, असेही अभ्यासकांनी मांडले आहे.

मर्यादा व वाद : आकडेवारीने वाद मिटतोच असे नाही. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने उपद्रवी कुत्री मारण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार बहुमताने मान्य केला. २००९ च्या आरंभी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीतील कुत्र्यांविषयीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आपला आधीचा आदेश बदलून, अलर्कग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना शस्त्रक्रिया व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास अनुमती दिली. मृत्यूंच्या अंदाजांतही मोठी तफावत आहे. २००३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार अलर्क रोगाने भारतात वर्षाला सुमारे २०,५०० मृत्यू होत. २०२२-२३ च्या पाहणीने हा आकडा सुमारे ५,७०० असल्याचे अनुमान काढले. दोन्ही अंदाज पाहण्यांवर आधारलेले आहेत. रोगाची नोंद सक्तीची करावी, असे केंद्र शासनाने राज्यांना २०२१ मध्ये सुचविले.

प्राणिकल्याण संस्था बहुधा केलेल्या शस्त्रक्रियांची संख्या प्रसिद्ध करतात. परंतु मारलेल्या कुत्र्यांच्या संख्येस जी त्रुटी होती, तीच या आकड्यासही लागू पडते : त्यावरून केलेले श्रम कळतात, साधलेला परिणाम कळत नाही. परिणाम कळण्यासाठी त्याच रस्त्यांवर पुन्हा केलेली गणती, रुग्णालयांतील श्वानदंशाच्या नोंदी आणि लसीकरणाचे प्रमाण यांचा मेळ घालावा लागतो. तसेच कार्यक्रम चालविणारी संस्था व त्याची तपासणी करणारी संस्था वेगळी असणे इष्ट ठरते. दंश झालेल्या मुलाच्या पालकाला आणि कुत्र्याचा जीव वाचवू पाहणाऱ्या कार्यकर्त्याला सारखीच विश्वासार्ह वाटेल अशी माहिती उपलब्ध होण्यावर या उपायांचे भवितव्य अवलंबून आहे.